अभिप्राय पत्रकाच्या मोकळ्या ओळी

ग्रंथपालांसाठीच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा, म्हणजे प्रत्यक्ष नोकरीत असणाऱ्यांसाठी भरवल्या जाणाऱ्या अल्पकालीन वर्गाचा, शेवट बहुधा अभिप्राय पत्रकाने होतो. विषयाची निवड, व्याख्यात्यांचे विवेचन, निवास, भोजन अशा रकान्यांपुढे ‘उत्तम’पासून ‘असमाधानकारक’पर्यंतच्या श्रेणींपैकी एकीवर खूण करावयाची आणि तळाशी ‘इतर सूचना’ म्हणून राखलेल्या मोकळ्या ओळींत वाटल्यास काही लिहावयाचे, असे त्याचे रूप ठरून गेले आहे. सार्वजनिक ग्रंथालयांतील सेवकांसाठी एका जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या संगणकीकरण वर्गात प्रस्तुत लेखिका स्वतः प्रशिक्षणार्थी होती आणि वर्ग संपल्यावर या पत्रकांचे संकलन करण्याचे कामही तिच्याकडेच आले; त्या वाचनातून जे हाती लागले, त्याची ही नोंद आहे.

पत्रके भरणाऱ्यांची स्थिती आधी लक्षात घ्यावयास हवी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 मध्ये संमत झाला. त्यानंतर राज्यात जी रचना रुजली तीत बहुसंख्य ग्रंथालये स्थानिक संस्थाच चालवतात, शासन त्यांना अनुदान देते, आणि ते अनुदान ‘अ’ ते ‘ड’ या वर्गवारीनुसार ठरते. ‘ड’ वर्गातील गावच्या वाचनालयात ग्रंथपाल, लेखनिक आणि झाडलोट करणारा सेवक या तिन्ही भूमिका बहुधा एकच व्यक्ती पार पाडते. अशी व्यक्ती वर्गाला आली की तिच्या वाचनालयाचे दार त्या काळात बंद राहते, आणि म्हणूनच तिच्या अभिप्रायाला विशेष मोल आहे.

खुणांच्या रकान्यांत जवळपास सर्वत्र ‘उत्तम’ होते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रशिक्षणार्थीची तत्काळ प्रतिक्रिया, त्याने आत्मसात केलेले ज्ञान, कामावर परतल्यानंतर त्याच्या वागण्यात झालेला बदल, आणि त्या बदलाचा संस्थेला झालेला लाभ. शेवटच्या दिवशी भरून घेतलेले पत्रक यांतील पहिल्याच पायरीवर थांबते. त्यातच पत्रकावर नाव लिहावयाचे असल्याने, आणि आयोजकांशी पुढेही संबंध येणार हे प्रत्येकाला ठाऊक असल्याने, लेखणी सौजन्याकडे झुकते. हे सौजन्य खरे असते, आदरातिथ्याबद्दलची कृतज्ञताही खरी असते. परंतु पुढचा वर्ग कसा आखावा, हे त्यावरून कळत नाही.

ते कळते मोकळ्या ओळींवरून. वर्गात दशांश वर्गीकरण, म्हणजे ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग पाडून प्रत्येक ग्रंथाला अंकांनी स्थान देणारी मेल्व्हिल ड्यूई यांची पद्धती, शिकवताना उदाहरणे इंग्रजी पाठ्यपुस्तकांचीच घेतली गेली होती. मराठी साहित्यासाठी 891.46 हा क्रमांक सांगून व्याख्यान पुढे सरकले. ज्यांच्या कपाटांत निम्म्याहून अधिक कादंबऱ्या आणि संतवाङ्मय आहे, त्यांचे प्रश्न मात्र तेथूनच सुरू होत होते. ज्ञानेश्वरी मराठी काव्यात ठेवावी की गीतेवरील टीका म्हणून हिंदू धर्माच्या वर्गात, असे एका पत्रकात विचारले होते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर या दोन नावांनी आलेली पुस्तके तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या शोधसूचीत, एकत्र कशी आणावीत, असे दुसऱ्यात. या प्रश्नांना शास्त्रात उत्तरे आहेत. ती वर्गात सांगितली गेली नाहीत, एवढेच.

सर्वांत वारंवार आलेली अडचण लिपीची होती. अनेक ग्रंथालयांनी पूर्वीच पुस्तकांच्या याद्या संगणकावर उतरवल्या होत्या, पण त्या युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये. अशा फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, तरी आत साठलेली चिन्हे रोमन अक्षरांची असतात. त्यामुळे ‘ई-ग्रंथालय’ किंवा ‘कोहा’ यांसारख्या आज्ञावलीत ती यादी जशीच्या तशी घेतली तर निरर्थक अक्षरे उमटतात आणि शोध लागत नाही. आधी रूपांतर करावे लागते, आणि ते झाल्यावरही जोडाक्षरे तपासून घ्यावी लागतात. ‘केलेले काम पुन्हा करावे लागेल का?’ या आशयाचा प्रश्न इतक्या पत्रकांत होता की त्यासाठी एक स्वतंत्र सत्र ठेवणे न्याय्य ठरले असते.

काही महिन्यांनी सहप्रशिक्षणार्थींशी दूरध्वनीवरून पुन्हा संवाद साधला असता तिसऱ्या पायरीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामातील बदलाचे, चित्र दिसू लागले. ज्यांनी दाखल नोंदवहीतील पहिल्या क्रमांकापासून नोंदी करावयास घेतल्या त्यांचे काम अडले, कारण सायंकाळची देवघेव सांभाळून हजारो जुन्या ग्रंथांच्या नोंदी करणे एकट्या माणसाला झेपत नाही. याउलट, ज्यांनी नव्याने आलेली पुस्तके आणि वाचकांकडून परत येणारी पुस्तके तेवढीच नोंदवत जाण्याचे ठरवले, त्यांच्याकडे वाचनात असलेला संग्रह हळूहळू संगणकावर आला. ही युक्ती कोणत्याही सत्रात सांगितली गेली नव्हती; ती सेवकांनी कामातूनच शोधली, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते त्या वर्गाचे हेच सर्वांत मोलाचे फलित होय.

संकलनासोबत आयोजकांकडे एक सूचना देण्यात आली व ती त्यांनी मोकळेपणाने स्वीकारली. पुढील वर्गासाठी प्रशिक्षणार्थींनी, ज्यांचे वर्गीकरण आपल्याला जमले नाही अशी काही पुस्तके सोबत आणावीत आणि पहिले सत्र त्यांवरच व्हावे, असे ठरले. त्या सत्रात पारायणाच्या पोथ्या आल्या, गावच्या शाळेच्या स्मरणिका आल्या, परंतु चर्चा सर्वाधिक लांबली ती दिवाळी अंकांवर. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेतील अंक स्वरूपाने नियतकालिके असली तरी वाचनालयांत ती महिनोन्‌महिने पुस्तकांप्रमाणे घरी नेली जातात, तेव्हा त्यांना दाखल क्रमांक द्यावा की नियतकालिकांच्या वहीत नोंदवून देवघेवीपुरता वेगळा क्रमांक ठेवावा, यावर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. अखेरीस दुसरी पद्धत बहुतेकांना सोयीची वाटली, कारण वर्षअखेरीस जीर्ण अंक बाद करताना मूळ दाखल नोंदवहीला हात लावावा लागत नाही.