डावी वाहतेय की उजवी?

पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तिकडे एखादं शिबिर असेल तर बघा ना. स्त्री-ऊर्जा आणि पुरुष-ऊर्जा यांचा तोल योगानं साधतात. तुमची एकच बाजू चालते सारखी." रत्नागिरीत माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. ऊर्जा म्हटली की मला वॅट, युनिट आणि महिन्याचे बिल एवढेच आठवते. ऊर्जेत बाई आणि पुरुष असा भेद असतो हे नवीन होते. माझी कोणती बाजू चालते आणि कोणती बंद आहे, हे तर मला सांगताच आले नसते. पण मुलीने हे सहज म्हटलेले नव्हते, एवढे कळले.

शिबिर मिळाले नाही, वर्ग मिळाला. मारुती मंदिर भागातल्या एका सभागृहात सकाळी सहाला भरणारा. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना काकू म्हणतात. वर्गात बायका पुष्कळ, पुरुष मोजके. मी त्यांना म्हटले, "काकू, मला ऊर्जेचा तोल शिकायचाय." त्या म्हणाल्या, "शिकवते. आधी मांडी घाला, भाऊ." मी मांडी घातली तर गुडघे जमिनीपासून वीतभर वर आणि पाठीला पोक. लहानपणी पाटावर बसून जेवलेला मी, पण घरात टेबल आल्यापासून मांडीची सवय पार मोडली होती. काकूंनी चादरीची जाड घडी करून माझ्या बैठकीखाली सरकवली. कंबर जराशी पुढे कलली, गुडघे खाली आले आणि कणा आपोआप उभा राहिला. योगातली माझी पहिली शिकवणी चादरीच्या घडीची झाली.

मग काकूंनी नाड्या समजावल्या. हठयोगाच्या ग्रंथांत शरीरातल्या नाड्या ७२,००० मानल्या आहेत. नाडी म्हणजे वैद्य मनगटाला बोट लावून बघतात ती नव्हे. प्राण जिथून वाहतो ती वाट, असे मी माझ्यापुरते लिहून घेतले. त्यांतल्या तीन मुख्य. डावीकडे इडा, ती चंद्राची, थंड, स्त्रीरूप. उजवीकडे पिंगला, ती सूर्याची, उष्ण, पुरुषरूप. मधोमध सुषुम्ना. भिंतीवर अर्धनारीनटेश्वराचे चित्र होते, तेही बघायला सांगितले. मला देवीचा भाग उजवीकडे दिसत होता. थोडा वेळ गेल्यावर लक्षात आले की डावे-उजवे देवाच्या अंगाने धरायचे, बघणाऱ्याच्या नव्हे. घारापुरीच्या लेण्यातल्या अर्धनारीश्वरातही असेच आहे: उजवे अंग शिवाचे, तो हात नंदीवर टेकलेला, डावे अंग पार्वतीचे, तिच्या हातात आरसा. हे सगळे समजले असे वाटत असतानाच काकूंनी समोर बसून उजवा हात नाकाशी नेला आणि मी त्यांच्याकडे बघून डावा नेला. शेजारच्या आजींनी काही न बोलता माझा हात धरून खाली ठेवला.

हाताची घडण अशी: तर्जनी आणि मधले बोट तळव्याकडे दुमडायचे, अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका आणि करंगळी डावीसाठी. मुंजीनंतर आजोबांनी संध्या शिकवली तेव्हा नाक धरायला शिकवले होते, पण तेव्हा नाक धरून सोडले की प्राणायाम झाला अशी माझी समजूत. इथे एकेक श्वास निगुतीने. डावीने आत, उजवीने बाहेर. उजवीने आत, डावीने बाहेर. हे एक आवर्तन. आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. आत घेण्याला पूरक म्हणतात, सोडण्याला रेचक, आणि रोखून धरण्याला कुंभक. काकूंनी कुंभकाला साफ मनाई केली. रक्तदाबाच्या गोळ्या घेता का, हेही आधीच विचारून घेतले होते. ही सावध पद्धत लोणावळ्याच्या कैवल्यधामाकडून आपल्यापर्यंत आली, असे त्या सांगतात. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली ती संस्था काढली, आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत यंत्रे लावून तपासायला घेतल्या. हे ऐकून मला मोठा धीर आला. मोजता येते ते मला समजते. पण माझा रेचक निम्म्यातच संपे, आणि डावी नाकपुडी तर हवा घेईचना. चंद्राची बाजू चोंदलेली. मुलीचे म्हणणे शब्दशः खरे ठरले की काय, या विचाराने मी हादरलो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले की नाकाचा पडदा सरळ आहे, आजार नाही. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना वळकट्यांसारखे उंचवटे असतात. त्यांत रक्त भरले की ते फुगतात आणि वाट अरुंद होते, ओसरले की वाट मोकळी. बहुतेकांच्या नाकात हे आलटून पालटून चालते, काही तासांनी बाजू बदलते, आणि त्याची सूत्रे स्वायत्त मज्जासंस्थेकडे, म्हणजे आपल्या इच्छेवाचून काम करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याकडे असतात. रिचर्ड कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये यावर लिहिले. दुकानदाराच्या डोक्यात लगेच चेंजओव्हर स्विच आला: मेन बंद, जनरेटर चालू. डॉक्टर म्हणाले, "तसं नाही. दुसरी पूर्ण बंद सहसा होत नसते, फक्त मंदावते." इतकी वर्षे हे नाक वापरतो आहे, आणि ते पाळीपाळीने काम करते हे मला त्या दिवशी कळले.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुशीवर झोपले की खालची नाकपुडी भरते आणि वरची मोकळी होते. मी घरी येऊन हे मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. आई म्हणाली, "मग वामकुक्षी कशाला करतात?" जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचे, म्हणजे उजवी मोकळी होते, उजवी सूर्याची आणि अन्न पचायला ऊब लागते. तिला हे तिच्या सासऱ्यांनी सांगितले होते. जुने योगी काखेत कुबडीसारखा दंड टेकून बसलेले चित्रांत दिसतात, तोही याच कामाचा: डाव्या काखेत दाब दिला की उजवा श्वास मोकळा होतो. दुपारी मी करून पाहिले. अर्ध्या तासात उजवी वाहू लागली. आईला कसलेही आश्चर्य वाटले नाही.

आता मला छंदच लागला. दुकानाच्या गल्ल्यावर एक छोटा आरसा ठेवला. नाकाखाली आडवा धरून श्वास सोडला की वाफेचे दोन डाग उमटतात, जो मोठा ती बाजू चालू. दिवसातून अनेकदा बघायचो आणि जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर 'डा' किंवा 'उ' लिहायचो, शेजारी त्या वेळचे मनही: राग, कंटाळा, बरे वाटले. माझी अपेक्षा अशी की पुरवठादाराशी वाजले की उजवी चालू असेल, नातीचा व्हिडिओ बघताना डावी. उग्र ते पुरुषाचे, मऊ ते बाईचे, अशी जी विभागणी सर्रास सांगितली जाते ती खरी असती तर वहीत उमटायला हवी होती. उमटली नाही. चिडलो तेव्हा कधी डावी होती, कधी उजवी. आरशात नाक बघणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाइके कुतूहलाने बघत, आणि वही मात्र काही बोलत नव्हती.

काकूंना वही दाखवली. त्यांनी हठप्रदीपिकेची भाषांतरित प्रत वाचायला दिली. पंधराव्या शतकातला स्वात्मारामाचा ग्रंथ. दुसऱ्या उपदेशात नाडीशोधन आहे, आणि चंद्र-सूर्याचा हा क्रम नीट केला तर तीन महिन्यांनंतर नाड्या शुद्ध होतात असे म्हटले आहे. स्वभाव मऊ होतो की कणखर, याबद्दल तिथे मला काही सापडले नाही. पुढे कुंभकाचे आठ प्रकार येतात आणि त्यांत सूर्यभेदन आहे, उजवीने घेऊन डावीने सोडायचे. त्याच्या उलटे चंद्रभेदन त्या आठांत नाहीच. तोलाच्या ग्रंथात एकाच पारड्याचे नाव कसे, हे मला उलगडेना. पुढे गोंधळ आणखी वाढला. शिवस्वरोदय या ग्रंथात डावा चंद्र शक्तीचा आणि उजवा सूर्य शंभूचा, म्हणजे काकूंनी शिकवले तसेच. पण गोरक्षनाथांच्या नावावरच्या गोरक्षशतकात बिंदू, म्हणजे वीर्य, तो शिव आणि तोच चंद्र. रज, म्हणजे स्त्रीबीज, ती शक्ती आणि तीच सूर्य. म्हणजे चंद्र पुरुषाकडे गेला आणि सूर्य बाईकडे. माझ्या वहीतले रकाने तिथेच मोडले. मी काकूंना विचारले, "यातलं खरं कुठलं?" काकू म्हणाल्या, "दोन्ही ग्रंथ जोडी लावतायत ना? जोडीकडे बघा. आणि सवडीनं एकदा पावसला जाऊन या."

पावस आमच्यापासून वीसेक किलोमीटर. भाट्याचा पूल ओलांडला की गोळपवरून रस्ता जातो. स्वामी स्वरूपानंदांचा जन्म पावसचाच, १९०३ सालचा. १९७४ मध्ये तिथेच त्यांची समाधी झाली. मधली बरीच वर्षे ते गावातल्या देसाई यांच्या घरी राहिले. परंपरा नाथांची, गोरक्षांपासून गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव अशी उतरत आलेली. माझ्या मनात आले, नाथपंथाचे ठिकाण म्हणजे इथे नाकपुड्यांचा हिशेब पक्का सापडेल. दुपारी खिचडीचा प्रसाद घेतला आणि एका वयस्क साधकांजवळ टेकलो. ते म्हणाले, "इथं नाक धरत नाहीत हो. सोहम् आहे. श्वास आत जाताना सो, बाहेर येताना हं. तो जातोय-येतोय तेवढं बघायचं." मी बघायला बसलो. बघायला लागलो की श्वास मीच ओढू लागे, सोडून दिला की डुलकी लागे. नुसते बघणे हे नाक धरण्यापेक्षा अवघड निघाले.

तिथून स्वामींचे 'अभंग अमृतानुभव' आणले. ज्ञानदेवांचा अमृतानुभव अभंगांत, आजच्या वाचकाला पेलेल अशा मराठीत. पहिलेच प्रकरण शिव आणि शक्तीच्या जोडप्याचे आहे. मला पुष्कळसे कळले नाही, पुन्हा पुन्हा वाचावे लागले. पण त्यात एक गोष्ट आहे तिथे मी थांबलो. घरात माणसे मोजून दोनच. घरधनी झोपला की घरधनीण जागी राहते आणि ते जोडपेपण एकटी सांभाळते. ज्ञानदेवांनी हे विश्वाच्या मुळाशी असलेल्या जोडप्याविषयी म्हटले आहे. मला मात्र आधी नाक आठवले, कारण डॉक्टरांनी जे उंचवटे दाखवले त्यांचेही हेच चाललेले असते: एक नाकपुडी विसावते तेव्हा दुसरी दोघींचा श्वास वाहते. निम्मे-निम्मे क्वचितच असते. पारडी सारखी करण्याचा माझा खटाटोप त्यामुळे सुटला. तोल राहतो तो पाळी बदलत राहते म्हणून. स्वभावाचे दोन डबे करून एकावर बाई आणि दुसऱ्यावर पुरुष लिहिण्यापेक्षा ही समजूत मला कितीतरी खोल वाटते, आणि ती आपल्याच भाषेत सातशे वर्षे पडून आहे.

नंतर आमचे घर आठवले. आईला रात्री दोनदा औषध द्यावे लागते. मी दुकानातून दमून येतो आणि झोपतो. जागी असते ती माझी बायको. दुकान ही माझी पाळी असे धरले, तर तिच्या विसाव्याची पाळी कुठली? मी म्हटले, "आजपासून एक दिवसाआड रात्रीचं औषध माझ्याकडे." ही म्हणाली, "अहो, कुठल्या डबीतलं कुठलं ते माहीत आहे का?" माहीत नव्हते. तिने निळ्या झाकणाची आणि पांढऱ्या झाकणाची अशा डब्या ओळीने मांडून दाखवल्या. मी वहीच्या मागच्या पानावर, 'डा' आणि 'उ' जिथे संपले होते त्याखाली, ते लिहून घेतले. पहिल्या रात्री गजर ऐकून मी उठायच्या आत ती उठली होती. सवय तिचीही मोडायला हवी, हे तेव्हा कळले.

सकाळचा वर्ग चालू आहे. रेचक आता दुप्पट होतो, मनात आकडे न मोजताही. डावी चोंदलेली असली तर घाबरत नाही, बोटे हलकी ठेवतो आणि जेवढे जाईल तेवढे जाऊ देतो. जोर करून नाकपुडी मोकळी होत नाही, हे माझ्यापुरते आरशाने पटवले आहे. कुंभक अजून नाहीच. एप्रिलच्या उकाड्याआधी शीतली शिकवते, असे काकूंनी सांगितले आहे. त्यात जीभ नळीसारखी वळवून श्वास तोंडाने आत घ्यायचा आणि नाकाने सोडायचा. घेताना डावे-उजवे काहीच नाही. काल त्यांनी सगळ्यांना जीभ वळवून दाखवायला सांगितली. शेजारच्या आजींची सुरेख वळली, माझी वळत नाही. काही जणांची वळतच नाही म्हणे, त्यात सरावाचा दोष नाही. अशांसाठी सीत्कारी आहे: दात जुळवायचे, जीभ त्यांच्या मागे टेकवायची आणि फटींतून हवा ओढायची. सोमवारपासून मला ती घ्यायची आहे.