साधे जेवण

‘साधे जेवण’ हा शब्द आम्ही वाङ्मयात फार सहजपणे वापरतो. नॉर्वेत दुपारी ‘मातपाक्के’ खातात: पावाचे काप, वर काहीबाही, मध्ये कागद. लोणी-चीजसारखे सारे प्राणिज पदार्थ वगळले की ते पूर्णतः वनस्पतिजन्य होते. जव्हारला आम्ही त्याच धर्तीवर डबा बांधला. पावाऐवजी नागलीची भाकरी, तिच्यावर खुरासणीची चटणी आणि काकडी. जेवताना इवो काप्रिनो यांचा १९७५चा बाहुलीपट ‘फ्लोक्लिपा ग्रां प्री’ पाहिला. सायकली दुरुस्त करणारा एक डोंगरी कारागीर शर्यतीची मोटार बनवतो, एवढीच कथा. बाहुली हाताने तसूतसू हलवून तिच्यात जीव ओतलेला. आम्हांला मोखाड्याचा बोहाडा आठवला. तिथे उलटे घडते. जिवंत माणूस मुखवट्यामागे लपतो आणि देव नाचू लागतो.

इथवर सारे रम्य होते. परंतु याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली. गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळावा म्हणून २०१५ साली राज्याला आदिवासी भागांत अमृत आहार योजना आणावी लागली. आम्ही दूध-अंडी वगळली, कारण ती आमच्या हाताशी होती. ज्या घरात ती येतच नाहीत, तेथील भाकरी-चटणीला आमचे ‘साधे’ हे विशेषण लावता येईल काय? साधेपणाचे सौंदर्य शिकवताना हा प्रश्न वर्गात विचारला जावा, असे आम्हांस वाटते.