टॉमस मूरची गीते आणि मेणावरचा आवाज

गीत लिहिणाऱ्याला कवी म्हणावे की नाही, हा वाद मराठी समीक्षेला अपरिचित नाही. नाट्यपदे, भावगीते, लावणी यांच्याविषयी लिहिताना आपण अजूनही जरा बिचकतो. शब्द छापून समोर ठेवतो, त्यांतील प्रतिमांचा हिशेब मांडतो आणि काही हाती लागले नाही की ‘हे गेय आहे’ असे म्हणून मोकळे होतो. गेयता हा जणू काव्यातील उणीव भरून काढणारा दिलासा! या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार आठवतो तो टॉमस मूर हा आयरिश कवी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्याइतकी लोकप्रियता फार थोड्या कवींच्या वाट्याला आली, आणि नंतरच्या काळात त्याच्याइतकी उपेक्षाही थोड्यांच्याच. इंग्रजी काव्याच्या इतिहासात आज त्याला जागा मिळते ती बहुधा बायरनचा मित्र आणि चरित्रकार म्हणून. बायरनने विश्वासाने त्याच्या हाती दिलेल्या आठवणींचे हस्तलिखित 1824 साली लंडनमध्ये प्रकाशक मरे याच्या कार्यालयात जाळले गेले, या प्रसंगाखातर त्याचे नाव निघते; गीतांखातर क्वचितच.

मूरचा जन्म 28 मे 1779 रोजी डब्लिनमधील ऑन्जर स्ट्रीटवर झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी, कुटुंब कॅथलिक. कॅथलिकांवरील काही निर्बंध 1793 च्या कायद्याने सैल झाले, म्हणून त्याच्यासारख्या मुलाला ट्रिनिटी कॉलेजची दारे उघडली. तेथे त्याला रॉबर्ट एमेट हा मित्र लाभला. याच सुमारास एडवर्ड बंटिंगचा जुन्या आयरिश चालींचा संग्रह त्याच्या हाती आला. 1792 साली बेलफास्टमध्ये वृद्ध हार्पवादकांचा मेळावा भरला होता. त्यांच्या बोटांतून जे उरले होते ते बंटिंगने तेथे कागदावर उतरवून घेतले होते. मूर पियानोवर या चाली वाजवीत बसे आणि एमेट ऐकत असे. अशीच एक चाल ऐकता ऐकता एमेट एकाएकी उठला आणि या सुरावर वीस हजारांचे सैन्य घेऊन निघता आले तर, असे उद्गारला, ही आठवण मूरनेच पुढे नोंदवली आहे. सैन्य उभे राहिले नाही. 1803 सालचा उठाव फसला आणि एमेटला डब्लिनमध्ये फाशी देण्यात आले. मूर तोवर लंडनच्या दिवाणखान्यांत रुळला होता.

‘आयरिश मेलडीज’चा पहिला भाग 1808 साली निघाला आणि दहावा 1834 साली. सव्वाशेच्या आसपास गीते, जॉन स्टीव्हनसन या संगीतकाराने सुरुवातीच्या भागांना दिलेली पियानोची साथ, आणि प्रकाशक पॉवर याच्याकडून मूरला मिळणारे वर्षाला 500 पौंड, असा हा व्यवहार होता. पहिल्याच भागात एमेटवरचे गीत आहे आणि त्यात एमेटचे नाव कोठेही नाही. आपल्या थडग्यावर तूर्त कोणी काही लिहू नये, असे एमेटने न्यायालयात म्हटले होते. मूरने ती इच्छा पाळली आणि मौन हाच गीताचा विषय केला. पुढे एमेटची वाग्दत्त वधू सेरा करन हिच्यावर त्याने ‘शी इज फार फ्रॉम द लँड’ हे गीत लिहिले. ज्यांच्या राज्यात एमेटला फाशी झाली, त्यांच्याच स्त्रिया पियानोपाशी बसून ही गीते गात आणि डोळे टिपत. मूरवरील सर्वांत कठोर आक्षेप येथूनच निघतो. हॅझलिटने 1825 मध्ये त्याच्यावर असा ठपका ठेवला, की आयर्लंडच्या रानवट हार्पचे त्याने तपकिरीच्या डबीतले खेळणे करून टाकले. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्या चालींवर मूरने इंग्रजी शब्द बसवले, त्यांतील अनेकींना स्वतःचे गेलिक शब्द होते. सूर जगले आणि शब्द मागे पडले. ट्यूमचे आर्चबिशप जॉन मॅकहेल यांनी 1842 पासून मूरची गीते आयरिश भाषेत अनुवादित करून प्रसिद्ध केली. आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याच्या भाषेतून परत आणावी लागावी, हे दैव अनेक भाषांनी अनुभवले आहे.

परंतु चाल आधी आणि शब्द मागाहून, ही मूरची पद्धत मराठी वाचकाला परकी वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे बांधली ती लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवरच. चालीवर पद बांधणारा कवी दोन धन्यांची चाकरी करतो. दीर्घ सूर जेथे थांबतो तेथे त्याला दीर्घ अक्षर द्यावे लागते. श्वास जेथे संपतो तेथे अर्थालाही विसावा द्यावा लागतो. मूरचे ‘अ‍ॅट द मिड आवर ऑफ नाइट’ हे गीत नेहमीच्या इंग्रजी छंदांत नीट बसत नाही, कारण त्याची लय चालीतून आली आहे. 1916 च्या उठावात गोळ्या घालून मारला गेलेला कवी व समीक्षक टॉमस मॅकडोना याने आयरिश वळणाच्या इंग्रजी पद्याची चर्चा करताना या गीताची दखल घेतली, ती याच लयीसाठी.

भारतीय वाचकाला मूर ठाऊक असला तर ‘लल्ला रूख’मुळे. औरंगजेबाची एक कल्पित कन्या विवाहासाठी दिल्लीहून काश्मीरला निघते आणि वाटेत एक तरुण कवी तिला कथा ऐकवतो, असे हे 1817 सालचे काव्य. लाँगमन या प्रकाशकाने त्यासाठी 3000 गिनी मोजल्या. मूरने भारत पाहिला नव्हता. त्याचा पूर्वदेश ग्रंथालयात घडलेला आहे. राजकन्येच्या लवाजम्यात फदलदीन नावाचा एक काव्यपरीक्षक आहे. प्रत्येक कथा संपली की तो तिचे वाभाडे काढतो आणि शेवटी, कवी हाच राजा आहे असे उघड होताच, स्तुतिपाठक बनतो. समीक्षेचा व्यवसाय करणाऱ्याने हे पात्र अधूनमधून वाचत जावे. कलकत्त्यात डेरोझिओने मूर आवडीने वाचला. 1820 नंतरच्या दशकात भारताच्या मूक वीणेवर कविता लिहिताना त्याच्या कानी आयर्लंडची हार्प असावी, असे मला वाटते. पण नावांचा प्रवास विचित्र असतो. 1873 साली कलकत्त्याहून करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन सुरिनामला गेलेल्या पहिल्या जहाजाचे नावही ‘लल्ला रूख’ होते.

मूर स्वतः गात असे. त्याचा आवाज मोठा नव्हता. ताल सैल सोडून, शब्दाच्या ओघाने, जवळजवळ बोलल्यासारखा तो गाई, असे ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. 25 फेब्रुवारी 1852 रोजी विल्टशरमध्ये तो वारला. त्याची पाचही अपत्ये त्याच्याआधी गेली होती, आणि अखेरच्या वर्षांत स्मृतीनेही साथ सोडली होती. ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्यास अजून पंचवीस वर्षे अवकाश होता.

तबकडी आली तेव्हा मूरची गीते तिच्यासाठीच लिहिली असावीत असे वाटण्याजोगा योग जुळून आला. दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत. मूरची पुष्कळ गीते दोन-तीन कडव्यांची. फ्रेड गाइसबर्ग या ध्वनिमुद्रकाने नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मेणावर उतरवून घेतला होता. तोच डिसेंबर 1905 मध्ये वेल्समधील क्रेग-इ-नॉस या वाड्यात कर्णा आणि यंत्रे घेऊन गेला. तेथे बासष्ट वर्षांच्या अ‍ॅडेलिना पॅटीने मूरचे ‘द लास्ट रोझ ऑफ समर’ गायिले. सोबतिणी सुकून गेल्यावर उरलेल्या एकट्या गुलाबाचे हे गीत, आणि गाणारी स्त्री एका संपलेल्या युगाची गायिका. आवाज थकलेला आहे, श्वास तोकडा आहे. तरीही शब्दाची पकड सुटत नाही. कागदावर जी भावविवशता वाटते, ती येथे वस्तुस्थिती होते.

दुसरा आवाज जॉन मॅकॉर्मॅकचा. अ‍ॅथलोन येथील लोकरीच्या गिरणीतील कामगाराचा हा मुलगा. 1904 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने लंडनमध्ये पहिली ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांत मूरची गीते आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डब्लिनच्या एका मैफलीत त्याच्यासह जेम्स जॉइसही गायिला होता. जॉइसच्या कथांत आणि ‘युलिसिस’मध्ये मूर वारंवार डोकावतो, कधी थट्टेने तर कधी नकळत जिव्हाळ्याने. 1904 चा मॅकॉर्मॅक कोवळा आहे, उच्चार गावाकडचे आहेत. 1910 नंतर व्हिक्टर कंपनीसाठी गाणारा मॅकॉर्मॅक सिद्ध कलावंत आहे; एका श्वासात लांबच लांब ओळ तो तोलून धरतो आणि एकही व्यंजन वाया जाऊ देत नाही. अमेरिकेत या तबकड्या घेणाऱ्यांत दुष्काळाने देशोधडीला लागलेल्यांची मुले-नातवंडे होती. मूरच्या हयातीतच, 1845 पासून, तो दुष्काळ पडला होता. दिवाणखान्यासाठी लिहिलेले गीत अखेर निर्वासितांच्या वारसांच्या घरी पोहोचले.

या तबकड्यांना मूरच्या गीतांचा अंतिम पाठ मानता येणार नाही. कर्णा मंद स्वर गिळतो, यंत्राचा वेळ कडवी गाळायला लावतो, आणि मॅकॉर्मॅकचे शिक्षित गायन मूरच्या घरगुती आळवणीहून निराळे आहे. पण छापील पानही अंतिम पाठ नव्हे, हे त्या तबकड्या दाखवतात. हॅझलिटचा आक्षेप त्या खोडून काढत नाहीत. तो कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे मात्र त्या स्पष्ट करतात. मूरची प्रतिमासृष्टी तोकडी आहे, त्याचे धाडस बेताचे आहे. परंतु चालीच्या अंगाने शब्दाचे वजन ओळखण्यात तो इंग्रजीतील मोठ्या कवींच्या पंक्तीत बसतो. साहित्याच्या अभ्यासकाने गीत वाचण्याआधी ते ऐकावे, आणि एकाहून अधिक कंठांतून ऐकावे. मग त्याने हवा तो निर्णय द्यावा. तो निर्णय प्रतिकूल असला, तरी निदान गीताविषयीचा असेल.