हळदीकुंकवाचें बदक

संक्रांतीचें हळदीकुंकू नुकतेंच आटोपलें होतें. त्या आठवड्यांत आम्ही घरची मंडळी नांदूर मध्यमेश्वरास गेलों. नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं हा बंधारा आहे. त्यामागें सांठलेल्या उथळ पाण्यास रामसर यादींत स्थान मिळालें. हा मान मिळविणारें महाराष्ट्रांतील तें पहिलेंच पाणथळ होय.

उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या पक्ष्यांची तेथें दाटी होती. परंतु मंडळींचें लक्ष वेधलें तें बारमास येथेंच राहणाऱ्या एका बदकानें. काळ्या चोंचीचें टोंक पिवळें व बुडाशीं दोन तांबडे ठिपके. म्हणून लोक त्यास हळदीकुंकू म्हणतात. तांबडे ठिपके नराच्या चोंचीवर ठळक असतात, मादीचे अंधुक असतात किंवा नसतातच, हें ऐकून वडील बायकांना मोठी मौज वाटली. डोकें पाण्यांत व शेंपटी आभाळाकडे करून तें खाद्य टिपीत होतें.

“एक घरीं नेऊं या ना!” पुतण्यानें हट्ट धरला. इ. स. १९७२ च्या कायद्यानें हें रानपाखरूं पाळतां येत नाहीं, असें आम्हीं सांगितलें.

“मग आळींतलीं बदकें?”

तीं बहुतेक नीलशीर बदकांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या अंगणांत वाढलेलीं. हें तसें नव्हे.

तरी त्याचें समाधान होईना. तेव्हां लहानपणीं एका प्राणिसंग्रहालयांत पाहिलेलें याच जातीचें जोडपें आम्हांस आठवलें. दाणा वेळच्या वेळीं, शिकाऱ्याचें भय नाहीं. परंतु उडूं नये म्हणून दोघांच्याहि एका पंखाचें टोंक सांध्यापासून काढलेलें. वरून थवा गेला, कीं तीं माना उंच करीत, पंख फडफडवीत, आणि पुन्हां निमूट पोहूं लागत.

रानांतील बदकाचींहि उडण्याचीं पिसें विणीनंतर एकदम गळतात. कांहीं आठवडे तें लव्हाळ्यांत दडून राहतें. मात्र त्यास नवीं पिसें फुटतात व तें पुन्हां उडतें. निसर्ग घेतो तें परत देतो. माणसानें तोडलेला सांधा कांहीं परत येत नाहीं.

पुतण्या गप्प झाला. दिवस मावळतां एक जोडी पाण्यावरून उठली. पंखांवरील हिरवा पट्टा क्षणभर चमकला व ती शेतांकडे दिसेनाशी झाली.

“आतां कोठें गेलीं तीं?” त्यानें हळूच विचारलें.

“मनास येईल तेथें,” आम्हीं म्हणालों. परततांना त्यानें हट्ट धरला नाहीं.