खडूचा आकडा

डोंबिवली,
बुधवार, रात्र

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा अण्णांच्या वर्षश्राद्धाला पंगत उठल्यावर तू म्हणालीस, "जन्मभर गिरणी चालवली, पण मागे साधी उधारीची वहीसुद्धा ठेवली नाही. कोणाकडून किती यायचं होतं, आम्हाला कळलंच नाही." घरात चार माणसं होती म्हणून गप्प बसलो. पण वही का नव्हती ते मला ठाऊक आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या लालबागेत गिरणी म्हटलं की दोन. एक भोंग्याची, कापडाची, जिथे आमचे बाप तीन पाळ्यांत राबायचे. दुसरी अण्णांची, पिठाची. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मोठ्या गिरण्या थांबल्या, अण्णांच्या गिरणीचा पट्टा तेवढा फिरत राहिला. उन्हाळ्यात निम्मी चाळ गावी गेली, कोणी साताऱ्याला, कोणी कोकणात. जे राहिले त्यांचं दळण पाच किलोवरून दोनवर आलं. खाणावळ चालवणाऱ्या बायकांचे तर फारच हाल. जेवणाऱ्या गड्यांना पगार नाही, मग बाईच्या हातात पैसा कुठून येणार? आणि तवा तर रोज तापवायलाच हवा.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. मी अकरा वर्षांचा. आईने डबा दिला आणि सांगितलं, "अण्णांना म्हणावं, पैसे मागाहून देते." रांगेत सात-आठ जण, सगळे ओळखीचे. माझी पाळी आली आणि तोंडातून शब्द फुटेना. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. भुवया, पापण्या सगळं पिठाने पांढरं झालेलं. डबा काट्यावर ठेवला, झाकणावर खडूने वजन लिहिलं, खाली पैशांचा आकडा लिहिला, सगळ्यांच्या डब्यावर लिहायचे तसाच. दळण झाल्यावर गरम डबा माझ्या हातात देताना रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आईला सांग, पैसे पोचले."

घरी येऊन मी तसंच सांगितलं. आई काही बोलली नाही. ओलं फडकं घेऊन तिने झाकण पुसलं.

ताई, वही ठेवली असती तर तिच्यात नावं आली असती. नाव लिहिलं की ते आज ना उद्या कोणाच्या तरी नजरेला पडणार. म्हणून अण्णांनी हिशेब खडूने ठेवला, आणि तोही आमच्याच डब्यावर. जमिनीवर सांडलेलं पीठसुद्धा ते टाकून देत नसत. पोरं त्याची खळ करून रात्री संपाची पत्रकं चिकटवायची.

या सगळ्याची झळ तुम्हाला लागली, हे मी विसरलेलो नाही. विजेचं बिल भरायला काकूंच्या पाटल्या गहाण पडल्या, हे आईनेच मला पुढे सांगितलं. पण तुझ्या कॉलेजची फी कधी चुकली नाही. ती कशी भरली जायची ते बहुधा तुला माहीत नसेल. दगडांना टाकी लावायला येणारा कारागीर अण्णांनी त्या वर्षी बंद केला. गिरणी मिटल्यावर रात्री स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन बसायचे. तो ठकठक आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. आई म्हणायची, "लेकीची फी चाललीय."

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तशी अण्णांनी आमच्याकडे बाकीही कधी काढली नाही. आमच्या घरचं किती देणं होतं, हे मलाही सांगता येणार नाही. आकडा आईच्या हाताने पुसला गेला. तो डबा मात्र तिने अजून मोडीत घातलेला नाही.

येत्या रविवारी तिला घेऊन तुझ्याकडे येतो. जिना चढायला तिला वेळ लागतो, पण यायचं म्हणते. डबा तिला स्वतःच्या हाताने तुला द्यायचाय, भरून.

काकूंना सा. न.

तुझा धाकटा भाऊ