स्लॅबवरच्या सळया

सुप्यात घर बांधणारा माणूस स्लॅब टाकताना कॉलमच्या सळया वर तशाच उभ्या ठेवतो. "पोरगं मोठं झालं की वरचा मजला चढवू," म्हणतो. पोरगं मोठं होऊन पुण्याला जातं, सळया गंजतात. पण त्या कुणी कापत नाही. आशा का कधी कापतात?

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना मात्र एवढी समज नसते. आमचा पुतण्या गावात घरांची चित्रं करून देतो. पाया खणण्याआधीच घर रंगासकट, दारातल्या तुळशीसकट पडद्यावर दिसतं. त्याला नवं यंत्र घ्यायचं होतं, तेही कर्ज काढून. टेबल लहान, म्हणून खोकाही लहान हवा. २०२४ चा मॅक मिनी जेमतेम पाच इंच चौरस, देव्हाऱ्यातसुद्धा मावेल.

"पण काका, ग्राफिक्स यात मुख्य चिपमध्येच असतं. मेमरीही तिथंच जडवलेली. पुढं वाढवायचं झालं तर अख्खं यंत्रच नवं."

म्हणजे पाच वर्षांनंतरची भूक आजच सांगायची! लग्नातला आचारीसुद्धा पानांचा आकडा दोन दिवस आधी विचारतो.

मोठ्यांचंही असं फसतं. ॲपलनं २०१३ मध्ये काळा, गोल मॅक प्रो काढला. आत ग्राफिक्स कार्डं दोन, पण त्या नळकांड्याच्या मापाची. पुढं जास्त तापणारी, ताकदवान कार्डं आली, ती त्यात बसेनात. २०१७ मध्ये कंपनीनंच हे कबूल केलं.

पुतण्यानं मधला मार्ग काढला. खोका थोडा जाड, आत एक रिकामी खाच. त्या खाचेतून वीज मिळते फार तर ७५ वॅट, म्हणजे छताच्या जुन्या पंख्याएवढी. तेवढ्यात भागवून घेणारी बुटकी कार्डंही निघतात. एनव्हिडियाचं २०२१ चं आरटीएक्स ए२००० हे कार्ड ७० वॅटवर चालतं. "कामं वाढली की टाकू. तोवर चिपमधल्या ग्राफिक्सवर भागवू."

मला त्याचं कौतुक वाटलं. १२ मे १८७५ रोजी याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. जुनं खत फिटायच्या आत नवं लिहून द्यायचं, हे तेव्हाचं दुखणं. हप्ते फिटायच्या आत दुसरं यंत्र घ्यायला लावणारा खोका त्याच घराण्यातला.

नवा खोका आला. वहिनींनी त्यावर हौसेनं क्रोशाचा रुमाल घातला. पुतण्यानं तो हळूच काढला.

"आई, त्याला हवा लागते."

"मग ओट्यावर बसव की," वहिनी म्हणाल्या.