खानदेशातील हिवाळा आणि लेखणी

हिवाळ्यात काही लिहावे म्हणून अनेक जण महाबळेश्वर-माथेरानची वाट धरतात. धुके, दरी आणि वाफाळता चहा यांतून कागदावर जे उतरते, ते बहुधा सर्वांचे सारखेच असते. खानदेशात यांपैकी चहा तेवढा मिळतो. तापी, गिरणा आणि वाघूर यांच्या काठची काळी, सपाट जमीन डोळ्यांना फारसे काही देत नाही. मात्र मार्गशीर्षापासून माघापर्यंत येथे जे कष्ट चालतात, त्यांत लिहिणाऱ्याला पुरून उरेल इतके दडलेले असते.

दुपारी चटका देणारे ऊन आणि पहाटे हाडांत शिरणारी थंडी, अशी या प्रदेशाची दुहेरी तऱ्हा आहे. पारा १० अंशांखाली उतरला की रावेर-यावलचा केळीबागायतदार अस्वस्थ होतो. थंडीने केळीची वाढ खुंटते, पाने करपतात. म्हणून रात्री विहिरीचे कोमट पाणी बागेला दिले जाते आणि बांधावर पालापाचोळा पेटवून धूर केला जातो. गावाकडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, धूर येतो तो वेगळा. त्यांवर भरिताची वांगी भाजली जातात. ज्या घरांत वांगे वर्ज्य आहे, त्या घरांनाही हा वास परका नसतो. पलीकडे दादर ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर मुकाट्याने पोसत असते.

असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी वाड्यात नांदलेल्या बहिणाबाईंची कविता याच कष्टांतून आली. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी हे त्यांच्या कवितेचे विषय. तिची भाषा शेतातली आणि घरातली. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात सुचलेले त्या गात. पुत्र सोपानदेव आणि आप्त ते टिपून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी, ऐन हिवाळ्यात, त्या गेल्या. सोपानदेवांनी ती टिपणे आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ते कागद नसते, तर ही कविता त्यांच्याबरोबरच संपली असती.

त्याच जळगावात पेढ्यापेढ्यांवर दिवसभर लेखण्या चालत होत्या. कापसाचा प्रत्येक मण, रुईची प्रत्येक गठाण, सरकीचा प्रत्येक सौदा वहीत उतरत होता. दौत होती, कागद होता, सुवाच्य अक्षर होते. गाणे मात्र जिथे यांतले काहीच नव्हते तिथे जन्मले. हा योगायोग व्यापारी घरांनी जरा थांबून पाहावा असा आहे.

लिहिण्यासाठी वेळ मिळत नाही, ही तक्रारही येथे फारशी टिकत नाही. अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात लिहिला. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी आरंभ झाला आणि १३ फेब्रुवारीला पहाटे लेखन थांबले. दिवसा तुरुंगातले काम होतेच. लेखन रात्री आणि पहाटे. पुस्तकाच्या प्रकरणांनाही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावे आहेत. हिवाळ्याने त्यांना देखावा दिला नाही. लांब रात्र दिली.

व्यापारी कुटुंबांचा हिवाळा मात्र धावपळीचा. जिनच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो आणि दुकान बंद व्हायला उशीर होतो. त्यातच लग्नसराई येते. कधीकाळी मारवाडातून आलेल्या घरांत अजूनही बन्ना-बन्नीची गीते म्हटली जातात. सुटलेल्या गावाची आठवण, दागिन्यांची जुनी नावे, माहेरचे अंतर हे सारे त्यांत असते. विवाहाच्या आदल्या रात्री शेगडीभोवती बायका जमतात. आजी एक गीत सुरू करते आणि दुसऱ्या चरणावर अडते. धाकटी जाऊ तो पुरवते. तिसरा चरण कोणालाच आठवत नाही. मग कोणीतरी हसून दुसरे गीत धरते.